कॅनडा : निर्वासित दर्जा संपुष्टात आणण्यासाठी मंत्र्यांचा अर्ज आला आहे, पीआरचे काय होईल?

जाईजुई (स्कारबरो) :

आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये जाफना भागातून आलेले एक तमिळ कुटुंब बरीच वर्षे भाड्याने राहत आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. त्यातील गृहस्थांना २०११ मध्ये कॅनडाने निर्वासित म्हणून मान्यता दिली आणि पुढे यथावकाश पीआरही (कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क) मिळाला. २०१६ मध्ये चेन्नईला त्यांचे स्वतःचे लग्न ठरले, तेव्हा त्यांनी इथल्या श्रीलंकेच्या वाणिज्य दूतावासातून पासपोर्ट काढला. त्याच पासपोर्टवर ते २०१७ मध्ये आजारी आईला भेटायला आणि २०१९ मध्ये बहिणीच्या लग्नाला श्रीलंकेत जाऊन आले. पत्नी नंतर स्पॉन्सरशिपवर इथे आली. दोन्ही मुलांचा जन्म इथलाच आहे.

नागरिकत्वाचा अर्ज केल्यावर बराच काळ काही हालचाल नव्हती आणि आता कॅनडा बॉर्डर सर्व्हिसेस एजन्सीकडून एक जाडजूड पाकीट आले आहे. त्यांचे निर्वासित संरक्षण संपुष्टात आले आहे असे ठरवावे, असा अर्ज मंत्र्यांनी इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाकडे केल्याचे त्यात म्हटले आहे. गृहस्थांचे म्हणणे असे की आपल्याकडे पीआर कार्ड आहे, आपण कधी खोटे बोललो नाही आणि कर वेळेवर भरतो, तेव्हा हे पत्र चुकून आले असावे. मला तसे वाटत नाही. हा फसवणुकीचा आरोप आहे का? पीआर खरोखर जाऊ शकतो का? पत्नी आणि मुलांवर काय परिणाम होईल? आणि घरमालकीण म्हणून माझ्या साक्षीचा त्यांना काही उपयोग होईल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

काळाकोट (टोरोंटो) :

जाईजुईताई, मी इथल्या एका इमिग्रेशन वकिलांच्या कार्यालयात काम करतो. स्वतः वकील नाही, त्यामुळे पुढील मजकूर माहिती म्हणून वाचावा आणि त्या गृहस्थांना याच आठवड्यात वकिलाकडे पाठवावे. पत्र चुकून आलेले नाही.

पीआर मिळाल्यावर निर्वासित दर्जाचा विषय संपतो, हा समज २०१२ पर्यंत व्यवहारात बराचसा खरा होता. निर्वासित संरक्षण संपुष्टात आणण्याची तरतूद तेव्हाही कायद्यात होती, परंतु तिच्यामुळे पीआर जात नसे आणि म्हणून सरकारही अशा अर्जांच्या फारसे मागे लागत नसे. १५ डिसेंबर २०१२ पासून चित्र पालटले. इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टमध्ये कलम ४६(१)(सी.१) घालण्यात आले आणि मंडळाने, म्हणजे इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाने, विशिष्ट कारणांवरून संरक्षण संपल्याचा अंतिम निर्णय दिला की त्याच निर्णयाने पीआरही जातो, अशी व्यवस्था झाली. त्यासाठी वेगळी सुनावणी होत नाही. त्याच वेळी आलेल्या कलम ४०.१ नुसार ती व्यक्ती देशात राहण्यास अपात्रही ठरते आणि हद्दपारीच्या आदेशाचा मार्ग मोकळा होतो. मधे किती वर्षे गेली, नोकरी, घर, मुले काय आहेत, याने या यंत्रणेत फरक पडत नाही. नागरिकत्व मिळेपर्यंत असा अर्ज केव्हाही होऊ शकतो.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. दर्जा काढून घेण्याचे दोन निराळे रस्ते कायद्यात आहेत. कलम १०९ हे फसवणुकीसाठी आहे : मूळ दाव्याच्या वेळी महत्त्वाची वस्तुस्थिती लपवली किंवा खोटी सांगितली, तर मंडळ तो जुना निर्णयच रद्द करते. कलम १०८ मध्ये तसा आरोप नसतो. तेव्हा मिळालेले संरक्षण योग्यच होते, परंतु नंतरच्या वागण्यामुळे किंवा बदललेल्या परिस्थितीमुळे आता त्याची गरज उरली नाही, असे मंत्र्यांचे म्हणणे असते. आपण लिहिलेल्या हकिकतीवरून हा १०८ चा अर्ज दिसतो. ‘मी कधी खोटे बोललो नाही’ हे उत्तर म्हणूनच इथे फारसे कामाचे नाही. ते त्यांना कोणी विचारलेलेच नाही.

पाकिटातील अर्जात १०८(१) चा कोणता परिच्छेद लिहिला आहे, ते सर्वांत आधी पाहावे. परिच्छेद ‘ए’ म्हणजे मायदेशाचे संरक्षण स्वेच्छेने पुन्हा स्वीकारणे, ‘बी’ म्हणजे गमावलेले राष्ट्रीयत्व स्वेच्छेने परत मिळवणे, ‘सी’ म्हणजे नव्या देशाचे राष्ट्रीयत्व मिळवून त्याचे संरक्षण घेणे, ‘डी’ म्हणजे मायदेशी पुन्हा स्थायिक होणे आणि ‘ई’ म्हणजे ज्या कारणांसाठी आश्रय मागितला ती कारणेच नाहीशी होणे. ही यादी मुख्यतः १९५१ च्या निर्वासितविषयक करारातील अनुच्छेद १(सी) वरून घेतलेली आहे. पीआर जातो तो फक्त ‘ए’ ते ‘डी’ या कारणांवर. केवळ ‘ई’ खाली निर्णय झाला तर निर्वासित दर्जा संपतो, परंतु पीआर शाबूत राहतो. सगळा खटला या एका अक्षरावर फिरू शकतो. म्हणूनच अर्ज ‘ए’ खाली आलेला असताना अनेक वकील ‘दर्जा संपवायचाच असेल तर तो ‘ई’ खाली संपवा’ असा पर्यायी युक्तिवाद करतात. मंडळाने तो मान्य केलाच पाहिजे असे नाही, पण श्रीलंकेच्या बाबतीत त्याला काही आधार दिसतो, कारण जानेवारी २०१५ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे निवडणूक हरल्यावर तिथले वातावरण काही काळ खरोखरच निवळले होते आणि आपल्या भाडेकरूंच्या दोन्ही फेऱ्या त्यानंतरच्या आहेत.

रोखठोक :

कटू वाटेल, पण लिहितो. ज्या देशात जिवाला धोका आहे असे शपथेवर सांगितले, त्याच देशाच्या दूतावासात जाऊन पासपोर्ट घ्यायचा आणि बहिणीच्या लग्नाला जाऊन यायचे, यात सरकारने शंका घेऊ नये असे आपल्याला म्हणायचे आहे का? आपल्यापैकी बहुतेक जण गुण मोजून, इंग्रजीच्या परीक्षा देऊन, वर्षानुवर्षे थांबून इथे आलो. निर्वासितांना वेगळ्या दाराने प्रवेश मिळतो तो भीतीच्या आधारावर. ती भीतीच उरली नसेल तर दार बंद होणे मला अन्यायाचे वाटत नाही.

मुक्काम मिसिसागा :

रोखठोक, शंका घ्यायलाच हवी, आणि कायदा ती घेतोही. राष्ट्रीय पासपोर्ट घेतला की मायदेशाचे संरक्षण पुन्हा स्वीकारले असे गृहीत धरले जाते, आणि त्याच पासपोर्टवर मायदेशी प्रवास केला की ते गृहीतक आणखी भक्कम होते. मात्र ते खोडून काढण्याची संधी त्या व्यक्तीला असते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या १९७९ च्या मार्गदर्शिकेत, जिचा आधार इथली न्यायालयेही घेतात, तीन अटी सांगितल्या आहेत : कृती स्वेच्छेची हवी, त्या कृतीमागे मायदेशाचे संरक्षण पुन्हा घेण्याचा हेतू हवा आणि ते संरक्षण प्रत्यक्षात मिळालेले हवे. म्हाताऱ्या किंवा आजारी आईवडिलांना भेटायला जाणे आणि सुट्टी घालवायला किंवा व्यापार करायला नेमाने जाणे यांना एका मापाने मोजू नये, असेही तीच मार्गदर्शिका म्हणते.

आपण म्हणता तशी भीती कायमची संपलेली असते असेही नाही. ज्याला एखाद्या सशस्त्र टोळीची भीती आहे, तो आई अत्यवस्थ असताना मन घट्ट करून आठ दिवस जाऊन येऊ शकतो, लपूनछपून राहू शकतो, आणि परत आल्यावर त्याची भीती होती तेवढीच असू शकते. बहिणीच्या लग्नाची फेरी मात्र अवघड आहे, हे मलाही मान्य आहे.

तरीही माझा खरा आक्षेप शिक्षेच्या मापाला आहे. कलम १०९ खाली, म्हणजे खोटे बोलून दर्जा मिळवल्याचे सिद्ध होऊन, ज्याचा दर्जा रद्द झाला त्याला हद्दपारीपूर्व जोखीम मूल्यमापनाचा (परत पाठवल्यास धोका आहे का, हे तपासण्याचा) अर्ज करायला बारा महिन्यांची बंदी लागू होत नाही. कलम १०८ खाली ज्याचा दर्जा संपला, त्याचा मूळ दावा फेटाळला गेला असे कायदा मानतो आणि म्हणून ती बंदी त्याला लागू होते. मानवतावादी कारणांवरून इथे राहू द्यावे, अशा अर्जालाही बारा महिने थांबावे लागते. मुलांच्या हिताला थेट बाधा येत असेल किंवा मायदेशी उपचारांअभावी जिवाला धोका असेल, तर अपवाद होऊ शकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

काळाकोट (टोरोंटो) :

मिसिसागाकरांनी बंदीविषयी लिहिलेले बरोबर आहे. कायद्याच्या त्या कोपऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

हेतूच्या मुद्द्यावर सध्या सर्वांत महत्त्वाचा निकाल फेडरल अपील न्यायालयाचा आहे. मार्च २०२२ मधील हा निकाल ‘कमायो निकाल’ म्हणून ओळखला जातो. त्या प्रकरणातील स्त्री कोलंबियाची होती, लहान वयात कुटुंबासोबत तिला संरक्षण मिळाले होते आणि नंतर ती कोलंबियाच्या पासपोर्टवर अनेकदा मायदेशी गेली होती. तिथे असताना तिने खासगी सुरक्षारक्षक नेमले होते. मंडळाने तिचा दर्जा संपवला, फेडरल न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि अपिलातही मंत्र्यांचे म्हणणे टिकले नाही. व्यक्तीला काय माहीत असायला हवे होते याऐवजी तिला प्रत्यक्षात काय माहीत होते आणि तिच्या मनात काय होते, हे मंडळाने तपासले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पासपोर्ट घेतल्याचे परिणाम माहीत नव्हते एवढ्यावर सुटका होत नाही, पण तो मुद्दा दुर्लक्षून निर्णय देता येत नाही. याशिवाय वय, शिक्षण आणि समज, छळ करणारा सरकारी होता की बिगरसरकारी, पासपोर्ट तिसऱ्या देशासाठी वापरला की मायदेशासाठी, जाण्याचे कारण काय होते, किती वेळा आणि किती दिवस राहिले, तिथे कोणती खबरदारी घेतली आणि निर्णयाचे परिणाम किती गंभीर आहेत, हे सगळे एकत्र तोलायला सांगितले आहे.

या कसोटीवर आपल्या भाडेकरूंची चेन्नईची फेरी तुलनेने निरुपद्रवी ठरेल. पासपोर्ट मात्र श्रीलंकेच्या सरकारकडून घेतलेला आहे, त्यामुळे २०११ च्या दाव्यात त्यांनी भीती कोणाची सांगितली होती, हे फार महत्त्वाचे आहे. लष्कराची किंवा पोलिसांची सांगितली असेल, तर त्याच सरकारच्या दूतावासात अर्ज करणे आणि कटुनायके विमानतळावर त्याच सरकारच्या अधिकाऱ्यांपुढे उभे राहणे यांचा खुलासा द्यावा लागेल. भीती एखाद्या निमलष्करी गटाची असेल, तर सरकारकडून घेतलेल्या पासपोर्टचे वजन कमी होते.

पत्नीचा पीआर तिला स्पॉन्सरशिपवर मिळालेला असल्यामुळे या निर्णयाने तो आपोआप जात नाही. मुले जन्माने कॅनडाची नागरिक आहेत. मात्र मुलांचे हित हे मंडळापुढचे स्वतंत्र कारण ठरत नाही, आणि मंत्र्यांच्या वतीने अर्ज करणाऱ्या अधिकाऱ्यानेही अर्ज करण्यापूर्वी असल्या मानवतावादी बाबी पाहणे आवश्यक नाही, असे फेडरल अपील न्यायालयाने २०१६ मध्येच म्हटले आहे. ‘आमच्या मुलांकडे पाहा’ एवढ्यावर सुनावणी लढवणारे लोक मी पाहिले आहेत. मंडळाचे सदस्य सहानुभूतीने ऐकून घेतात आणि कायद्याप्रमाणे निर्णय देतात.

इसारकाठ (म्युनिक) :

जर्मनीत हेच प्रकरण निराळ्या वाटेने जाते, म्हणून तुलनेसाठी लिहितो. इथे स्थलांतर व निर्वासित विभागाचे संघराज्य कार्यालय, ज्याला सगळे ‘बाम्फ’ म्हणतात, ते आश्रय कायद्याच्या कलम ७३ खाली दर्जा मागे घेते. त्याविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दावा लावता येतो आणि सर्वसाधारणपणे दावा चालू असेपर्यंत निर्णयाची अंमलबजावणी थांबते. दर्जा गेला म्हणून निवासाचा परवाना त्याच क्षणी जात नाही. त्याचा विचार परदेशी नागरिकांचे स्थानिक कार्यालय स्वतंत्रपणे करते आणि तेव्हा नोकरी, मुलांची शाळा, इथे काढलेली वर्षे यांची दखल घेतली जाते. पूर्वी ठरावीक मुदतीनंतर प्रत्येक दर्जाची सरसकट फेरतपासणी होत असे, ती २०२३ पासून बंद झाली. उलट २०२४ च्या शरद ऋतूत झालेल्या दुरुस्तीने मायदेशी प्रवास करणाऱ्यांविरुद्ध इथेही गृहीतक आले आहे. नैतिकदृष्ट्या टाळता न येण्याजोग्या कारणासाठी केलेला प्रवास त्यातून वगळलेला आहे.

कॅनडाची पद्धत मला अधिक कठोर वाटते. कॅनडाकडून ही अपेक्षा नव्हती.

जाईजुई (स्कारबरो) :

सर्वांचे मनापासून आभार. अर्जात परिच्छेद ‘ए’ लिहिलेला आहे. काल संध्याकाळी त्यांच्याशी सविस्तर बोलले. त्यांचे म्हणणे असे की पासपोर्ट काढण्यापूर्वी त्यांनी प्रवासाची तिकिटे काढून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विचारले होते आणि पीआर असल्यावर काही हरकत नाही, असे त्याने सांगितले. निर्वासितांसाठी वेगळे प्रवासपत्र मिळते हे त्यांना ठाऊक होते, पण त्याला वेळ लागेल म्हणून त्यांनी तो नाद सोडला. आईच्या वेळी ते जाफनाला न जाता कोलंबोत मावशीकडे उतरले आणि आईलाच तिथल्या रुग्णालयात आणले. भीती एका सशस्त्र गटाची होती, पण त्या गटाला लष्कराचा आशीर्वाद होता असे ते म्हणतात. लग्नाच्या वेळी काय काय झाले...

काळाकोट (टोरोंटो) :

ताई, इथेच थांबा आणि शक्य असेल तर वरचा प्रतिसादही काढून टाका. मंडळाच्या या सुनावण्या लोकांसाठी खुल्या नसतात, त्यामागे कारण आहे. आपणच जाहीर संस्थळावर हकिकत मांडली तर त्या गोपनीयतेला अर्थ राहत नाही. बाकीचे त्यांनी वकिलालाच सांगावे.

आपण लिहिलेल्यापैकी दोन गोष्टी मात्र कोणत्याही वकिलाला उपयोगाच्या वाटतील. जाफना टाळून कोलंबोत राहणे ही खबरदारी आहे आणि ती कागदांनी दाखवता येते : आईचे रुग्णालयाचे कागद, ती जाफनाहून कोलंबोला कशी आली त्याचा पुरावा, मावशीचे प्रतिज्ञापत्र. तिकीटवाल्याने दिलेला चुकीचा सल्ला हा त्यांच्या प्रत्यक्ष माहितीविषयीचा पुरावा आहे; त्या माणसाने लेखी काही दिले तर उत्तम, नाही तर त्या काळातले संदेश किंवा ईमेल शोधावेत. प्रवासपत्र माहीत असूनही घेतले नाही, ही बाब मात्र त्यांच्या विरुद्ध जाईल आणि ती लपवण्याचा विचारही करू नये. ते प्रवासपत्र मायदेश सोडून इतर देशांसाठी चालते. चेन्नईला जाण्यापुरते त्याने भागले असते, हे मंत्र्यांचे प्रतिनिधी नक्की विचारतील.

आपल्या साक्षीविषयी : आपण स्वतः जे पाहिले आणि त्यांनी त्या वेळी आपल्याला जे सांगितले, तेवढ्यापुरती साक्ष उपयोगाची आहे. जाण्यापूर्वी ते घाबरलेले होते का, तिथून फोन करत होते का, परतल्यावर काय म्हणाले, हे आपल्याला खरोखर आठवत असेल तर सांगावे. ते सज्जन आहेत, भाडे वेळेवर देतात, अशा प्रमाणपत्राचा या प्रश्नाशी संबंध नाही. कागदपत्रे आणि साक्षीदारांची माहिती सुनावणीच्या किमान १० दिवस आधी मंडळाला आणि दुसऱ्या पक्षाला द्यावी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

सगळा जोर याच सुनावणीवर लावायचा, कारण पुढे फारसे काही उरत नाही. निर्वासितांच्या नेहमीच्या दाव्यात मंडळाच्याच अपील विभागाकडे जाता येते. १०८ आणि १०९ खालील निर्णयांवर ते अपील नाही. उरतो तो फेडरल न्यायालयाकडे न्यायिक पुनर्विलोकनाचा अर्ज. तो १५ दिवसांच्या आत करावा लागतो, त्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी मिळावी लागते, आणि न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही, निर्णय वाजवी होता का एवढेच पाहते. अर्ज केला म्हणून हद्दपारीला आपोआप स्थगिती मिळत नाही; ती वेगळी मागावी लागते.

खर्चाची अडचण असेल तर लीगल एड ओंटारियोकडे अर्ज करून पाहावा. प्रतिनिधी कोणताही घेतला तरी तो परवानाधारक आहे आणि त्याने या कलमाखालील प्रकरणे पूर्वी चालवली आहेत, याची खात्री करून घ्यावी, कारण मूळ दावे चालवण्यात मुरलेल्या अनेकांना हा भाग अनोळखी असतो.

रोखठोक :

प्रतिज्ञापत्रे आणि कागद असतील तर मंडळाने ते पाहावेत, याला माझी हरकत नाही. लग्नाच्या फेरीविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

जाईजुई (स्कारबरो) :

एक शेवटची शंका. नागरिकत्वाचा अर्ज आता मागे घ्यावा का? आणि श्रीलंकेचा पासपोर्ट पुढील वर्षी संपतो आहे, तो परत करून टाकला तर चांगले दिसेल का? वरचा प्रतिसाद संपादित करण्याची विनंती संचालकांना केली आहे.

काळाकोट (टोरोंटो) :

नागरिकत्वाचा अर्ज वकिलाला विचारल्याशिवाय मागे घेऊ नये. संरक्षण संपवण्याची कार्यवाही चालू असेपर्यंत नागरिकत्वाच्या अर्जावरील निर्णय मंत्री रोखून धरू शकतात, हे फेडरल अपील न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले आहे, त्यामुळे तो अर्ज सध्या जागचा हलणार नाही. मंडळाने मंत्र्यांचा अर्ज फेटाळला, तर तो पुढे सरकू शकेल.

पासपोर्टचे नूतनीकरण अजिबात करू नये. तो परतही करू नये, कारण त्यातील शिक्के हा त्यांच्याच बाजूचा पुरावा आहे : किती दिवस राहिले आणि पुन्हा गेले नाहीत, हे त्यावरूनच दिसते. त्याच्या प्रत्येक पानाची प्रत वकिलाला द्यावी.